ढाबा, लॉज, मंगल कार्यालय: आगप्रतिबंधाचा आढावा, लोणारच्या काठावरून

लोणारच्या विवराकडे वर्षभर पाहुणे येतात. शाळांच्या सहली येतात, भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी येतात, नवरात्रात कमळजादेवीचे भाविक येतात, शेगावला गजानन महाराजांचे दर्शन घेऊन परतणारी कुटुंबे वाट वाकडी करून येतात. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि लोणारचे नाव घरोघरी पोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि मेहकरला उतरून लोणार गाठणे सोपे झाले.

पाहुणे वाढले की खाटा वाढतात, शेगड्या वाढतात, राहत्या घरावर मजला चढवून भाड्याच्या खोल्या होतात. त्याबरोबर आगीचा धोका किती वाढतो आणि तो आवरायची जबाबदारी कोणाची, यावर महाराष्ट्रात गेली दहा वर्षे वाद चालू आहे. न्यायालये, महापालिका, हॉटेलमालकांच्या संघटना आणि अग्निशमन अधिकारी सगळेच त्यात उतरले आहेत. पण या वादाची मोजपट्टी मुंबईची आहे. तालुक्याच्या गावाला, तिथल्या लॉजला आणि रस्त्याकडेच्या ढाब्याला ती कितपत लागते, हे पाहण्यासाठी हा आढावा.

कुर्ल्यापासून हडफड्यापर्यंत

आजच्या चर्चेची सुरुवात १६ ऑक्टोबर २०१५ पासून धरावी लागते. त्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी कुर्ला पश्चिमेतील ‘सिटी किनारा’ या उपाहारगृहात गॅस गळून स्फोट झाला. आठ जण गेले. पोटमाळ्यावर जेवायला बसलेले महाविद्यालयीन विद्यार्थी त्यांत जास्त होते.

दोन वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, अकरा दिवसांत मुंबईत दोन आगी लागल्या. १८ डिसेंबरच्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील फरसाणाच्या दुकानात बारा कामगार मेले. २८ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात, गच्चीवरील ‘वन अबव्ह’ आणि ‘मोजोज बिस्त्रो’ या दोन पबमध्ये चौदा जण गेले. हुक्क्याच्या निखाऱ्यातून आग लागल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. ती पसरली गच्चीवर घातलेल्या ज्वलनशील आच्छादनामुळे. बरेच जण वाट न सापडल्याने स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच धुराने गुदमरले. कमला मिलची बातमी देशभर गाजली. साकीनाक्याची आठवड्याभरात मागे पडली. मेलेल्यांच्या संख्येत दोनाचेच अंतर होते.

यानंतर निवृत्त न्यायमूर्ती ए. व्ही. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली उच्च न्यायालयाची समिती बसली आणि २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी घातली. पुढचा टप्पा गोव्याचा. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री बार्देशातील हडफडे येथे ‘बर्च बाय रोमिओ लेन’ या नाइट क्लबमध्ये पंचवीस जणांचा बळी गेला. आत उडवलेल्या विद्युत आतषबाजीकडे तपासाचा रोख गेला. अरुंद रस्त्यामुळे बंब दारापर्यंत पोचू शकले नाहीत. मेलेल्यांत पर्यटक थोडे होते. बहुतेक जण तिथले कर्मचारी होते आणि तळघराकडच्या भागात अडकून गुदमरले.

राहण्याच्या हॉटेलांचा इतिहास असाच आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या करोलबागेतील ‘अर्पित पॅलेस’मध्ये सतरा जण गेले, एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्याच्या बडाबाजार भागातील ‘ऋतुराज’ हॉटेलात चौदा. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला एका लॉजखाली विजेच्या दुचाकींचे विक्री केंद्र होते. तिथल्या आगीचा धूर जिन्याने वर चढला आणि खोल्यांत राहिलेले आठ जण दगावले. ही शेवटची घटना लहान गावाला सगळ्यांत जवळची आहे. खाली दुकान, वर लॉज आणि मध्ये एकच जिना ही रचना आपल्याकडे कोणत्याही बाजारपेठेत दिसते.

मंगल कार्यालये आणि मांडव यांची गोष्ट याहून भयंकर आहे. डिसेंबर १९९५ मध्ये हरियाणातील डबवाली येथे एका विवाह सभागृहात शाळेचे स्नेहसंमेलन चालू असताना कापडी मांडव पेटला आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत लहान मुले मोठ्या संख्येने होती. बाहेर पडायला दार एकच होते.

बुलढाणा जिल्ह्याला या विषयाची स्वतःची जखम आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर, लोणारशेजारच्याच सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी होरपळून गेले. ती हॉटेलातली आग नव्हती. तरीही ती इथे आणली, कारण बस दाराच्या बाजूवर आडवी पडली होती आणि जे आठ जण वाचले त्यांतल्या काहींना काच फोडून बाहेर यावे लागले. आग लागणे ही एक घटना असते आणि वाट बंद असणे ही दुसरी. वर सांगितलेल्या बहुतेक ठिकाणी माणसे दुसरीमुळे मेली.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’. तो डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. त्याचा कणा कलम ३ आहे: आगप्रतिबंधाची साधने बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. साधने बसवल्यावर परवानाधारक संस्थेचा दाखला लागतो. पुढे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ती चालू असल्याचा नमुना ‘ब’मधील दाखला द्यावा लागतो. तपासणीचा, नोटीस देण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आणि जागा सील करण्याचा अधिकार अग्निशमन संचालक, मुख्य अग्निशमन अधिकारी किंवा नामनिर्देशित अधिकारी यांना आहे.

कुठल्या इमारतीला काय लागेल, हे राष्ट्रीय इमारत संहितेच्या धर्तीवर इमारतीचा वापर, उंची आणि क्षेत्रफळ पाहून ठरते. संहितेत लॉज, वसतिगृह, हॉटेल, तारांकित हॉटेल यांचे वेगवेगळे उपवर्ग आहेत. उंची आणि क्षेत्रफळ जसे कमी, तशी सक्तीची साधने कमी. उंच इमारतीला स्वयंचलित फवारे, पाण्याच्या टाक्या, पंप, धोक्याची घंटा लागते. तळमजला अधिक एक-दोन मजल्यांच्या लहान लॉजला हाताने वापरायच्या अग्निरोधक यंत्रांपलीकडे फारसे काही लागत नाही. तर्क उघड आहे: उंच इमारतीतून माणसे बाहेर काढणे कठीण, बुटकीतून सोपे. पण कुर्ल्याचे उपाहारगृह उंच नव्हते, साकीनाक्याचे दुकान उंच नव्हते, हडफड्याचा क्लबही नव्हता.

गॅससाठी वेगळे नियम आहेत. ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ प्रमाणे एका वेळी शंभर किलोपर्यंत एलपीजी साठवायला परवाना लागत नाही. म्हणजे १९ किलोचे पाच व्यावसायिक सिलिंडर परवान्याशिवाय चालतात, सहावा आला की नाही. परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर हॉटेलात वापरणे बेकायदा आहे, पण तो स्वस्त पडतो म्हणून वापरला जातो आणि एकातून दुसऱ्यात गॅस भरण्याचे जीवघेणे उद्योगही चालतात.

यात २०२५ मध्ये एक वेगळीच कडी जोडली गेली. हवेच्या प्रदूषणावर सुनावणी करताना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारीत लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले आणि महापालिकेने बेकऱ्या, हॉटेले, ढाबे यांना नोटिसा दिल्या. आदेश हवेसाठी योग्य होता. पण कोळशाच्या भट्टीजागी गॅस आला की आगीचा प्रकार बदलतो, हे त्या चर्चेत फारसे आले नाही. पुढेमागे तोच बदल जिल्ह्याच्या गावांत येईल, तेव्हा ते आधी लक्षात घ्यावे लागेल.

आग लागते कशी

धोरणाच्या चर्चेत ही बाजू नेहमी घाईत उरकली जाते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

ढाब्याच्या स्वयंपाकघरात शेगडी भिंतीला टेकून असते आणि तिच्यामागून रबरी नळी जाते. नळीवर तेलाचा थर बसलेला असतो. उष्णतेने ती कडक होते आणि जोडाजवळ तिला बारीक भेगा पडतात. नळीवर मुदत छापलेली असते, पण थराखाली ती दिसत नाही. रेग्युलेटरच्या आतला वॉशर झिजला की गॅस हळूहळू सुटतो. सिलिंडर संपत आला की पोऱ्या तो आडवा करतो किंवा त्यावर गरम पाणी ओततो, म्हणजे उरलेला गॅस निघेल. आडव्या सिलिंडरातून वायूऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये येतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेत हा वायू साधारण दोन टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, फरशीवरून सरपटत मोरीत, तळघरात, पायरीखाली साचतो. म्हणून छताजवळचा एक्झॉस्ट पंखा गळलेल्या गॅसवर उपाय नाही. उलट बटण दाबताना उडणारी ठिणगीच घात करते. गॅसगळती ओळखणारे यंत्र फरशीपासून वीतभर उंचीवर लागते आणि धूर ओळखणारे छताला. गॅसचे यंत्र धुराच्या यंत्राशेजारी छताला लावले, तर खोली अर्धी भरेपर्यंत ते गप्प राहते.

दुसरे कारण तेल. तळणाचे तेल साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास स्वतःहून पेट घेते. कढई पेटली की घाबरलेला माणूस पहिल्यांदा पाणी ओततो. पाणी जड असल्याने तळाशी जाते, क्षणात वाफ होते, तिचे आकारमान सतराशे पटींच्या घरात जाते आणि पेटते तेल छतापर्यंत उडते. आच बंद करून झाकण सरकवणे हा उपाय फुकट आहे. त्याहून मोठी आग असेल तर ओल्या रसायनाचे यंत्र लागते, ते तेलावर साबणासारखा थर धरते. पण बहुतेक ठिकाणी भिंतीवर कोरड्या पावडरीचे यंत्र असते. ते ज्वाळा विझवते, तेल थंड करत नाही, आणि तेल तापलेले राहिले तर पुन्हा पेटते.

तिसरी जागा धुराडे. चिमणीच्या आतल्या बाजूला तेलकट काजळी साचते. खाली तंदूरची ज्वाळा उंच गेली की ती काजळी पेटते आणि आग चिमणीच्या नळ्यातून वरच्या मजल्यावर निघते, तेही स्वयंपाकघरातल्या माणसाला कळायच्या आत. इथे साफसफाईखेरीज दुसरा उपाय नाही.

चौथे कारण वीज. पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द पटकन लिहिला जातो आणि तिथेच तपास संपतो. खरे कारण बहुधा त्यामागे असते: दोन खोल्यांसाठी टाकलेल्या वायरिंगवर पुढे आठ खोल्यांचे कूलर, गिझर आणि एसी चढतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा हे सगळे एकदम चालते, नेमके तेव्हाच व्होल्टेज खाली-वर होते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून जास्त क्षमतेचा बसवला, तर आता एमसीबी पडत नाही, भिंतीतली तार तापते. एमसीबी जास्तीच्या भाराला वीज तोडतो, गळती ओळखायला आरसीसीबी वेगळा लागतो. एक असले म्हणजे दुसरे नको, ही समजूत चुकीची आहे.

आणि मग धूर. आगीत माणसे जळून जितकी मरतात, त्याहून अधिक गुदमरून. फोमच्या गाद्या, थर्माकोलची फॉल्स सीलिंग, प्लास्टिकची फुले, भिंतीवरची कृत्रिम हिरवळ जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायूही सोडू शकतात. झोपलेला माणूस त्या धुराने जागा होत नाही, तसाच बेशुद्ध होतो. म्हणून लॉजच्या खोलीत धुराचा इशारा देणारे साधे, बॅटरीवरचे यंत्र हे अग्निरोधक यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे, आणि त्याची सक्ती मात्र लहान लॉजला होत नाही.

चार मतप्रवाह

पहिले मत कडक परवाना आणि कडक कारवाईचे. कमला मिलनंतर मुंबईत ते बळावले. त्याला न्यायालयीन बळ जून २०२५ मध्ये मिळाले. ‘सिटी किनारा’ प्रकरणात लोकायुक्तांकडून दाद न मिळालेल्या कुटुंबांना मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकी पन्नास लाखांची भरपाई महापालिकेकडून देववली. नियमभंग माहीत असूनही कारवाई न करणे हा वैधानिक कर्तव्याचा भंग आहे, हे त्या निकालाचे सार. आजवर नुकसानभरपाईचा रोख मालकाकडे असे. आता परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या तिजोरीपर्यंत तो पोचला. या मताचे बळ त्यात आहे. त्याची उणीव अशी की तपासणारा माणूसच नसेल, तर कडकपणा कागदावर राहतो आणि मोठी दुर्घटना झाली की पंधरा दिवस सरसकट सील लावण्यापुरता जागा होतो.

दुसरे मत मालकांचे. ‘आहार’सारख्या संघटना सांगतात की उपाहारगृह चालवायला अन्नसुरक्षा, दुकाने, उत्पादन शुल्क, आरोग्य, अग्निशमन असे एवढे दाखले लागतात की नियम पाळणारा थकतो आणि न पाळणारा सुटतो. त्यांची मागणी एक खिडकीची आणि परवानाधारक संस्थेच्या दाखल्यावर विश्वास ठेवण्याची. नमुना ‘ब’ची रचना मुळात याच विचाराची आहे. तिच्यावरचा आक्षेप गंभीर आहे: दाखला देणारी संस्था मालकाकडूनच पैसे घेते, मग ती त्याला नापास का करील? त्यावर उत्तर म्हणून ठरावीक टक्के दाखल्यांची अचानक फेरतपासणी सुचवली जाते. मला ती मधली वाट व्यवहार्य वाटते, पण तिलाही माणसे लागतात.

तिसरे मत तंत्रज्ञांचे. वागणूक बदलण्यापेक्षा यंत्रणा बदला, असे ते म्हणतात. सिलिंडर बाहेर जाळीच्या कोठडीत ठेवा आणि आत पक्क्या पाइपने गॅस आणा; गळती होताच पुरवठा तोडणारी झडप बसवा; धुराड्यात स्वयंचलित रसायन फवारा बसवा; जमेल तिथे इंडक्शन वापरा. अमेरिकेत लास वेगासच्या ‘एमजीएम ग्रँड’ हॉटेलात नोव्हेंबर १९८० मध्ये ८५ जण गेले आणि त्यानंतर जुन्या हॉटेलांतही फवारे बसवण्याची सक्ती पसरली. यंत्रणा काम करते, यात वाद नाही. वाद खर्चाचा आहे. दहा टेबलांच्या ढाब्याला धुराड्यातली यंत्रणा परवडत नाही. बाहेरची कोठडी आणि झडप परवडू शकते.

चौथे मत स्थानिक क्षमतेचे. अग्निशमन सेवेचे जुने राष्ट्रीय निकष ग्रामीण भागात वीस मिनिटांत मदत पोचावी असे सांगतात. प्रत्यक्षात पहिली पाच मिनिटे तिथल्या माणसांचीच असतात. म्हणून वेटर, आचारी, रात्रपाळीचा मॅनेजर यांना शिकवा, असा या मताचा आग्रह. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना आणली. पण तिचा पैसा गाड्या आणि केंद्रांवर जातो, आचाऱ्याच्या प्रशिक्षणावर नाही.

ही चार मते एकमेकांना छेद देत नाहीत. भांडण प्राधान्याचे आहे, आणि ते प्राधान्य गावागणिक बदलते.

लोणारला हे कसे लागू पडते

लोणारमध्ये एकाच कोसात किती कार्यालये येतात पाहा. गाव नगर परिषदेचे. विवर २००० सालापासून वन्यजीव अभयारण्य, म्हणजे वनविभागाचे. दैत्यसूदन मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक, म्हणजे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे. पर्यटक निवास पर्यटन महामंडळाचे. आणि मेहकर, सुलतानपूर, मंठा या दिशांना गाव सोडले की ढाबे ग्रामपंचायतींच्या हद्दीत.

शेवटच्या मुद्द्यातच कायद्याची मोठी फट आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांमध्ये अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ती नाही. म्हणजे नगर परिषदेच्या सीमेवरची पाटी ओलांडली की आगीची जबाबदारी स्थानिक संस्थेच्या यादीतून निघून थेट राज्याच्या संचालकांकडे जाते, आणि संचालकांचे कार्यालय मुंबईत. हडफड्याचेही क्षेत्र पंचायतीचेच होते. तिथे पंचायतीने पाडकामाची नोटीस काढली होती आणि तिला वरून स्थगिती मिळाली होती. तुर्कस्तानात कार्तालकाया या डोंगरातल्या पर्यटनस्थळी जानेवारी २०२५ मध्ये हॉटेलच्या आगीत ७८ जण गेले, तेव्हा पहिला वाद हाच झाला: तपासणी बोलू शहराच्या पालिकेने करायची होती की पर्यटन मंत्रालयाने? तेही हॉटेल शहरापासून दूर होते आणि मदतीला वेळ लागला.

लोणारपासून मेहकर वीस-पंचवीस किलोमीटरवर, जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा सुमारे नव्वद. मोठ्या आगीत शेजारच्या गावांचे बंब बोलवावे लागतात आणि त्यांना यायला वेळ लागतो. पाण्याचा प्रश्न त्याहून बिकट. डोळ्यांसमोर सरोवर असले तरी ते काठापासून सव्वाशे मीटरहून अधिक खोल आणि संरक्षित. बंबाला त्याचा उपयोग नाही. उन्हाळ्यात गावाला प्यायला पाणी जपून लागते तेव्हा आगीसाठी राखीव साठा कोण ठेवणार? प्रत्येक लॉजच्या गच्चीवरची टाकी पूर्ण रिकामी होणार नाही अशा उंचीवर नळ बसवला तर खालचे पाणी आपोआप राखीव राहते. खर्च एका प्लंबरचा.

दुसरी अडचण स्मारकाची. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर हे निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र. दैत्यसूदनाच्या आसपासच्या जुन्या वस्तीत एखाद्याने प्रामाणिकपणे बाहेरून लोखंडी जिना लावायचे ठरवले, तरी त्याला परवानगीच्या वाटेला लागावे लागते. वारसा जपायला हा नियम हवाच. पण जीव वाचवणाऱ्या जिन्यासाठी लवकर निर्णय देणारी वेगळी खिडकी असायला हवी, एवढे म्हणणे रास्त आहे.

तिसरी गोष्ट हंगामाची. नवरात्रात भाविकांसाठी मांडव पडतात, भंडारे होतात, कापडाखाली चुली आणि गॅस पेटतात. अशा तात्पुरत्या बांधकामांना कायम इमारतीचे निकष लागत नाहीत. लग्नसराईत मंगल कार्यालयांत हेच घडते: स्वयंपाक मागच्या बाजूला, सजावटीचे कापड पुढे, आणि बाजूचे दार फुकटे वऱ्हाडी शिरू नयेत म्हणून कुलूपबंद.

आणि कामगार. लॉजमध्ये रात्री जिन्याखाली, ढाब्यावर कोठीघरात, सिलिंडरांशेजारी झोपणारी मुले ही या विषयातली सगळ्यांत दुर्लक्षित माणसे आहेत. साकीनाका आणि हडफडे दोन्ही ठिकाणी मेलेल्यांत तेच जास्त होते. पाहुण्यांच्या नोंदवहीत त्यांचे नाव नसते, म्हणून आग लागली की आत किती जण होते तेही लवकर कळत नाही.

काय सुटलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न मर्यादारेषेचा. उंची आणि क्षेत्रफळाऐवजी ‘एका वेळी किती माणसे’ आणि ‘रात्री कोणी झोपते का’ हे निकष धरावेत, असा आग्रह वाढतो आहे. विरोधकांचे म्हणणे असे की मग प्रत्येक खानावळ आणि घरगुती निवासाची खोली कायद्याच्या जाळ्यात येईल आणि ग्रामीण पर्यटन गुदमरेल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझ्या मते लहान जागांना मोठ्यांचे नियम लावू नयेत. पण दोन वाटा, चालू स्थितीतला धुराचा इशारा, सिलिंडर बाहेर आणि कोठीत झोपायला मनाई, या चार गोष्टींना कोणतीही सूट असू नये. त्यांचा खर्च एका हंगामाच्या नफ्यात बसतो.

दुसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा. कुर्ल्याचा निकाल महापालिकेपुरता आहे. क वर्ग नगर परिषदेवर किंवा ग्रामपंचायतीवर तीच जबाबदारी आली, तर पन्नास लाखांच्या आठ भरपाया ती कुठून देणार? आणि ती देऊ शकत नाही म्हणून जबाबदारीच नाही, असेही म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न तपासाचा. आगीचे शास्त्रीय कारण शोधून ते जाहीर करण्याची सवय आपल्याकडे रुजलेली नाही. विमान अपघाताचा अहवाल निघतो. लॉजच्या आगीचा पंचनामा कपाटात राहतो. त्यामुळे वर मांडलेल्या चार मतांपैकी कोणते कुठे खरे ठरले, हे आकड्यांनी सांगता येत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना अग्निशमन सेवेचे आदर्श विधेयक पाठवले होते. त्यानंतर तरी प्रत्येक आगीचा अहवाल सार्वजनिक करायला हवा होता.

हे प्रश्न मुंबई-दिल्लीत सुटतील तेव्हा सुटोत. लोणारच्या नगर परिषदेने, तहसील कार्यालयाने आणि इथल्या लॉज-ढाबा-मंगल कार्यालय मालकांनी येत्या नवरात्राच्या आधी एक संयुक्त पाहणी करावी, अशी विनंती आहे. प्रत्येक जागी चारच गोष्टी पाहाव्यात: दुसरी वाट उघडी आहे का, सिलिंडर कुठे आहेत, रात्री कोण कुठे झोपते, आणि १०१, ११२ व गॅसगळतीसाठीचा १९०६ हे क्रमांक भिंतीवर लिहिले आहेत का. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.